मोठ्या कंपनीला हिरवं व्हायचंय, तक्ता मात्र आम्ही भरायचा?

लेथवाला_वाळूज
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. थोडे सीएनसी, दोन जुने कॅप्सटन. दुचाकीच्या गिअरबॉक्समधले टर्निंगचे भाग बनवतो. माल थेट मोठ्या कंपनीला जात नाही. चाकणचा एक कारखाना घेतो, असेम्ब्ली करून पुढे देतो. म्हणजे साखळीत आम्ही खालून पहिले.

परवा चाकणहून एक भलीमोठी एक्सेल आली. विषय : शाश्वत पुरवठा साखळी. एका नगामागे कार्बन किती, स्कोप एक, दोन, तीन किती, पाणी किती, कचरा कुठे जातो, सौर ऊर्जेचं उद्दिष्ट कोणत्या सालापर्यंत, असे रकानेच रकाने. महिनाअखेर भरा, नाहीतर व्हेंडर रेटिंगवर परिणाम होईल अशी प्रेमळ सूचना. आणि त्याच मेलमध्ये खाली दरवर्षीप्रमाणे ३ टक्के कॉस्ट डाऊनची मागणी.

माझा पर्यावरणाला विरोध नाही. मराठवाड्यात राहून असूच शकत नाही, दर चार वर्षांनी नळ कोरडे पडतात. पण विचारायचं ते असं. हे कुणी भरलंय का? भरून खरंच काही फरक पडतो की नुसता कागद? आणि पडत असेल तर खर्च कुणी करायचा?

टवाळ_टपरीवाला
३ टक्के दर कमी केले की तुम्ही जेवण कमी कराल, त्यातून उत्सर्जन कमी. साखळी शाश्वत झाली. पुढचा प्रश्न विचारा.

खतावणी
टपरीवाल्यांना दंडवत. आता थोडं कामाचं.

हे वरून कुठून येतंय ते सांगतो. सेबीने २०२१ साली बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल आणला. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक आहे. २०२३ साली त्यातले महत्त्वाचे निकष वेगळे काढून बीआरएसआर कोअर केलं आणि पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी असं ठरवलं. उद्योगांनी आरडाओरड केली. मग २०२५ मध्ये पुरवठादारांचा हा भाग ऐच्छिक केला आणि ज्याचा कंपनीच्या एकूण खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे, तेवढेच पुरवठादार धरा असं म्हटलं.

लेथवाला भाऊ, तुमचा वाटा २ टक्क्यांच्या आसपासही नसणार. कायद्याने तुम्हाला हा तक्ता लागू नाही. ग्राहकाने मागितलाय म्हणून तो लागू आहे. आपल्याकडे यातला दुसरा प्रकार जास्त कडक.

स्कोपचं सोपं आहे. तुमच्या आवारात जळतं ते एक (जनरेटरचं डिझेल, स्वतःच्या टेम्पोचं डिझेल). वीजबिल म्हणजे दोन. बाकी जगात तुमच्यामुळे जे होतं ते तीन. तुमचं एक आणि दोन हा चाकणवाल्याच्या तीनचा भाग. त्याला स्वतःचं तीन भरायचंय म्हणून त्याने ते तुमच्याकडे ढकललंय.

लेथवाला_वाळूज
@खतावणी, हे असं कुणी आधी सांगितलं असतं तर एवढा वैतागलो नसतो. धन्यवाद.

खरेदी_खातं
मी पलीकडच्या बाजूचा माणूस. एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागात आहे, नाव विचारू नका. सगळे व्हेंडर आम्हाला शिव्या घालतात म्हणून आमची बाजू.

आम्हालाही वरून आकडे मागतात. काहींच्या निर्यात ग्राहकांनी तर इकोव्हॅडिससारखं रेटिंग सक्तीचं केलंय. तुम्ही तक्ता कोरा पाठवलात तर आम्ही तुमच्या जागी सरासरी आकडा टाकतो, आणि असा आकडा सहसा तुमच्या खऱ्या आकड्यापेक्षा वाईट असतो. म्हणून भरा. सगळे रकाने नका भरू. बारा महिन्यांची वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, किती टन कच्चा माल आला, किती टन तयार माल गेला, एवढं दिलंत तरी आमचं निम्मं काम होतं. बाकीचे रकाने कन्सल्टंटने टाकलेले आहेत. ते आम्हालाही कळत नाहीत.

भंगार_गल्ली
खरेदी साहेब, ते सगळं बरोबर. पण ४५ दिवसांत पैसे देण्याचा रकाना तक्त्यात आहे का?

खरेदी_खातं
तो लेखा विभागाचा प्रश्न आहे.

टवाळ_टपरीवाला
हाहाहा. धागा इथेच बंद करा.

खतावणी
भंगार गल्ली, हा विनोद नाही, हाच मुद्दा आहे. आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं. सूक्ष्म आणि लघू उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरला जात नाही. २०२३-२४ पासून लागू आहे. ज्याचे पैसे चार-चार महिने अडकतात तो सोलर कुठून बसवणार? उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघू उद्योग म्हणून सरकारी नोंद) केली नसेल तर आधी ती करा, मग कार्बन मोजा.

रेशीमगाठ_सेलू
मी कारखान्याची नाही, कापसाच्या गावची. पण ही गोष्ट आमच्याकडं लै आधी येऊन गेलीय म्हणून लिहिते.

परभणी, जालना, बीड या पट्ट्यात बेटर कॉटनचे (कापूस जास्त जपून पिकवायला शिकवणारा जागतिक कार्यक्रम) गट कित्येक वर्षं चालू आहेत. पोरं येतात, वहीत नोंदी करून घेतात. फवारणी किती, कोणतं औषध, खत किती. दोन गोष्टी खऱ्याच सुधारल्या. एक, अंगावर औषध उडू नये याची समज आली. दुसरी, फरदड (वेचणी झाल्यावर पुन्हा पीक घ्यायला राखलेली कपाशी) ठेवायची नाही हे पटलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं झोडपलं तेव्हा ज्यांनी फरदड उपटली होती त्यांचं पुढच्या वर्षी थोडं कमी गेलं.

पण जिनिंगला माल गेला की पुढं काय? बरीच वर्षं तिथं हिशेब वजनावर चालायचा. इतक्या गाठी चांगल्या कापसाच्या घेतल्या, तितक्या विकल्या म्हणायच्या. प्रत्यक्ष सूत कोणत्याही गाठीचं असो. आता २०२३ च्या शेवटापासून माग काढता येईल असा वेगळा प्रकार सुरू केलाय. मात्र शेतकऱ्याच्या हातात जास्तीचे किती पैसे पडतात हा प्रश्न तेव्हाही अवघड होता, आताही आहे. दुकानातल्या शर्टावर पान छापतात, त्याचे पैसे वर राहतात. तुमच्या मशिन शॉपचंही तेच होणार बघा.

जिनिंगवाला_परभणी
ताईंशी बराचसा सहमत, थोडा असहमत. जिनिंगचा माणूस म्हणून सांगतो, शेतकऱ्याला जास्त भाव द्यायला मी तयार आहे, पण कापूस खताच्या प्लॅस्टिक गोणीत भरून आणला तर नाही. गोणीचे धागे कापसात मिसळतात, गिरणीत रंग चढत नाही, आणि तक्रार माझ्या नावावर येते. कापडी बारदान वापरा असं सांगून दमलो. हेही साखळी सुधारणंच आहे की! यात कुठला कन्सल्टंट लागत नाही.

दुसरं. कापसाच्या पऱ्हाट्या जाळू नका. आमच्या भागात पऱ्हाट्यांच्या ब्रिकेट करणारे कारखाने निघालेत, त्याला पांढरा कोळसा म्हणतात. बॉयलरवाले घेतात. पूर्वी शेतात धूर व्हायचा, आता त्याचे पैसे मिळतात. फक्त गोळा करायला मजूर परवडला पाहिजे, आणि तिथंच अडतं.

रेशीमगाठ_सेलू
@जिनिंगवाला, कापडी बारदान कोण देणार? वेचणीवाल्या बायका जे हाताला येईल त्यात भरतात. तुम्ही हंगामाच्या आधी वाटा, आम्ही वापरू.

जिनिंगवाला_परभणी
वाटलेलं परत येत नाही ताई :)

भट्टी_जालना
कापूस झाला, आता लोखंडाचं बोला. मूळ धागा लोखंडाचा होता.

मी जालन्याच्या एका रोलिंग मिलशी संबंधित आहे. आमच्यावर धुराचा शिक्का आहे, तो मान्य. पण कार्बनच्या हिशेबात आम्ही समजता तेवढे वाईट नाही. खनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये पोलाद बनवलं तर एका टनाला दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्ही इंडक्शन भट्टीत भंगार वितळवतो. टनाला साधारण ६०० युनिट वीज धरा. आपल्या ग्रिडचा आकडा युनिटला ०.७ किलोच्या आसपास आहे. म्हणजे वितळवण्याचे चारशे-सव्वाचारशे किलो. रोलिंगच्या आधीची तापवणी धरली तरी टनाच्या आतच. वाळूजच्या मशिन शॉपमधलं बोरिंग (लेथवर निघालेला लोखंडाचा किस) आमच्याकडं येतं आणि सळई होऊन तुमच्याच घराच्या स्लॅबमध्ये जातं. याला आता साहेब लोक सर्क्युलर इकॉनॉमी म्हणायलेत. जालन्यात हे कुणी न सांगता चालू आहे.

कोरडवाहू
भट्टी साहेब, अर्धीच गोष्ट सांगितली. भट्टीत नुसतं भंगार नसतं, स्पंज आयर्न पण जातं. ते कोळशावर बनतं आणि त्याचा कार्बन भंगारापेक्षा कितीतरी जास्त. किती टक्के स्पंज घालता त्यावर तुमचा आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. आणि धुराचं काय? कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, एमआयडीसीच्या बाजूच्या वस्तीत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जे बसतं ते दिसतं.

भट्टी_जालना
स्पंजचा मुद्दा खरा आहे. भंगार महाग झालं की स्पंज वाढतं, भाव बघून चालतं ते. धुराबद्दल वाद घालणार नाही. फक्त सगळ्या मिलांना एकाच मापात मोजू नका.

डांबरी_रस्ता
माझा धंदा ट्रान्सपोर्टचा. सगळे भट्टीवर आणि शेतावर बोलायलेत, गाड्यांचं कुणीच बोलेना.

एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. वाळूज ते चाकण दोनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी जाताना अर्धी भरलेली, येताना रिकामी. का? कारण प्रत्येक व्हेंडरला आपली गाडी वेगळी पाठवायची असते आणि ग्राहकाला माल सकाळी आठलाच पाहिजे असतो. चार कारखान्यांनी मिळून गाड्या फिरवल्या, ज्याला मिल्क रन म्हणतात, तर चारच्या जागी दोन गाड्यांत काम भागतं. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनरचं तर विचारूच नका. समृद्धीमुळे वेळ वाचला, रेल्वेचा मार्ग मनमाडपर्यंत अजून पूर्ण दुहेरी नाही, त्यामुळे सगळं रस्त्यावरच. खरी सुधारणा करायची असेल तर गाड्यांपासून करा.

टवाळ_टपरीवाला
मिल्क रन म्हणजे शेवटी दूधवाल्या अण्णांचा रतीबच. पेटंट घ्यायला पाहिजे होतं.

आकडेमोड
+१ गाड्या भरून पाठवण्याला. पण "खरी सुधारणा गाड्यांपासून" हे तपासून बघितलं. लेथवाला भाऊंनी नग किती वजनाचा ते लिहिलं नाही, म्हणून मी उदाहरण धरतो. कुणाला आकडे चुकीचे वाटले तर स्वतःचे टाकून बघा.

तयार नग २०० ग्रॅम. तो ३२० ग्रॅम बारमधून निघतो, बाकीचं बोरिंग. मशिनिंगची वीज नगाला ०.१५ युनिट, कॉम्प्रेसर आणि दिवे धरून.

बार : ब्लास्ट फर्नेसचं पोलाद, किलोला २.३ किलो धरलं तर ०.३२ × २.३ = सुमारे ७३६ ग्रॅम.
वीज : ०.१५ × ०.७ = १०५ ग्रॅम.
वाहतूक : पाच टनांची भरलेली गाडी, लिटरला पाच किलोमीटर, दोनशे किलोमीटरला ४० लिटर, म्हणजे १०७ किलो. पाच टनांवर वाटलं तर किलोमागे २१ ग्रॅम, आपल्या नगाला ४ ग्रॅम. गाडी अर्धीच भरली तर ८-९.
खोकं : ५० नगांना अर्ध्या किलोचं पुठ्ठ्याचं खोकं, पुठ्ठ्याला किलोला एक किलो धरला तर नगाला १० ग्रॅम.

बेरीज साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. त्यात बार एकटा ८६ टक्के. डिझेल अर्धा टक्का.

डांबरी रस्ता, राग मानू नका. मिल्क रनने पैसे वाचतात, रस्त्यावरची गर्दी कमी होते, म्हणून ते कराच. पण या नगाचा कार्बन गाडीत नाही, खोक्यातही नाही. तो स्टीलमध्ये आहे. आणि स्टील कुठून घ्यायचं, कोणत्या ग्रेडचं घ्यायचं, हे वाळूजचा माणूस ठरवतो का? नाही. ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं आणि मिलसुद्धा बहुतेक वेळा ग्राहकानेच नेमून दिलेली असते. म्हणजे ज्याच्याकडे तक्ता पाठवलाय त्याच्या हातात जेमतेम १२ टक्के, वीजबिलाचे. ८६ टक्के ज्याच्या हातात आहेत तोच तक्ता पाठवतोय.

लेथवाला_वाळूज
आकडेमोड, तुम्ही माझ्या शॉपमध्ये येऊन गेलात काय? नग २०० ग्रॅमचा नाही, पण प्रमाण जवळपास हेच निघतंय. मिल नेमून दिलेली आहे हेही तंतोतंत. मी दुसरीकडून बार घेतला तर लॉट रिजेक्ट.

डांबरी_रस्ता
अर्धा टक्का?? तीस वर्षं गाड्या चालवतोय, मला वाटायचं सगळं पाप माझंच आहे. आज शांत झोप लागेल.

नाथसागर
सगळे कार्बन मोजायलेत. मराठवाड्यात बसून पाणी कुणीच मोजेना, याचं नवल वाटतं.

२०१५ च्या जुलैत परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं, विसरलात? कोळसा होता, पाणी नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ती जलदूत गाडी अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आमच्याकडच्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात केली. मोठमोठ्या पुरवठा साखळ्या त्या वर्षी पाण्यावर अडल्या. पैठणला धरण मृतसाठ्यावर गेलं की वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा सगळ्यांची पळापळ. हे माहीत असूनही तक्त्यात पाण्याला एकच ओळ. दिल्ली-मुंबईच्या कन्सल्टंटने बनवलेला तक्ता आहे हे लगेच कळतं.

ऊसतोड_ते_ऊसगोड
पाण्याचा विषय निघालाच आहे तर ऊस पण घ्या. दुष्काळी जिल्ह्यात साखर कारखाने कामून? लातूर, धाराशिवला तर—

कोरडवाहू
झालं. आता हा धागा दोनशे प्रतिसादांपर्यंत जाणार.

ऊसतोड_ते_ऊसगोड
जाऊ द्या की. शीतपेय, चॉकलेट, बिस्किटं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साखरेला बोन्सुक्रोसारखी प्रमाणपत्रं मागायलेत. ठिबक किती, पाचट जाळलं का, हे विचारतात. पण तोडणीला बीडहून गेलेल्या कोयत्याला कुणी विचारत नाही की राहायला कोपी, प्यायला पाणी, पोरांना शाळा आहे का. साखळीचं शेवटचं टोक ऊस नाही, कोयता आहे.

शेतीतला_अभियंता
कोयत्याचा मुद्दा एकदम मान्य. पण ऊस म्हटला की फक्त शिव्या, हे पटत नाही. बगॅसवर (उसाच्या चोयट्यांवर) वीज बनते, मळीपासून इथेनॉल होतं, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) शेतात परत जातो. एवढं स्वतःचं स्वतः वापरणारा दुसरा उद्योग दाखवा. अडचण पाण्याची आहे आणि ती पाटपाण्याने मोकळं भिजवण्याची आहे. ठिबकवर ऊस घेणारा आणि मोकळा सोडणारा, दोघांना कारखाना एकच भाव देतो. मग ठिबक कोण करणार?

नाथसागर
ठिबकवर वाचलेलं पाणी पुन्हा उसालाच जातं, क्षेत्र वाढतं. वाचत काही नाही. पण हा वेगळा धागा काढा, इथे नको.

हळदीकुंकू_वसमत
मला या धाग्यात बोलायचा हक्क आहे, कारण मी असा तक्ता भरलाय. :)

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हळदीची. वसमत हळदीला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून चौकश्या वाढल्या. परदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे असाच तक्ता पाठवला. शिजवायला इंधन काय, लाकूड असेल तर कुठून, वाळवायला कोणती यंत्रणा, तिची वीज किती. आम्ही हळद वाळवतो उन्हात, दोन-तीन आठवडे, अंगणात पसरून. ऊन लिहायला रकानाच नव्हता! फोन केला तर म्हणाला, ताई, यंत्रणेचं नाव आणि क्षमता लिहावी लागेल. मी लिहिलं : सूर्य, क्षमता पुष्कळ. तसंच पुढे गेलं असावं, कुणी विचारलं नाही.

पण एक खरा फायदा झाला. शिजवणीच्या लाकडाचा हिशेब पहिल्यांदा कागदावर आला. पूर्वी जो तो आपापल्या कढईत शिजवायचा, पाणी खळखळ उकळून. आता गावात भाड्याने फिरणारा वाफेचा कुकर आहे, त्यात लाकूडही कमी लागतं आणि हळद सारखी शिजते. हिशेब समोर आल्यावर राहिलेले लोकही कुकरकडे वळले. पर्यावरणासाठी कुणी वळलं नाही. सरपण विकत आणायचे पैसे दिसले म्हणून वळले.

लेथवाला दादा, तक्ता भरा. त्यांच्यासाठी भरू नका, स्वतःसाठी भरा. मग त्यातलं काय पाठवायचं ते ठरवा.

आकडेमोड
ताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत कामाचा. "सूर्य, क्षमता पुष्कळ" वाचनखूण साठवली आहे.

नट_बोल्ट_शेंद्रा
ज्यांना वाटतं हे ऐच्छिक आहे, त्यांच्यासाठी. आम्ही युरोपला फास्टनर पाठवतो. तिथे सीबीएएम, म्हणजे आयात मालावरचा कार्बन आकार, आलंय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशांचा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज हे त्यात येतात, आणि नट-बोल्टसुद्धा. वर्षाला ५० टनांच्या आत आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. बाकीच्यांनी पुराव्यासह खरा आकडा दिला नाही तर ठरवून दिलेला आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलाय. आमच्या इथे गेल्या वर्षभरात जेवढी धावपळ झाली ती सगळी मिलकडून वायररॉडचा कार्बन आकडा मिळवण्यासाठी. आमचा स्वतःचा आकडा काढायला एक दुपार पुरली. आकडेमोडांनी मांडलेलं गणित अगदी असंच आहे.

पाना_आणि_पक्कड
कारखान्यात मेंटेनन्स बघतो. ते १२ टक्के म्हणून सोडू नका, पैसा तिथेच आहे. रविवारी सगळी मशिनं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा आणि शॉपमधून फिरा. फुसफुस ऐकू येईल. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक म्हणजे तीन-साडेतीन किलोवॅट सतत जळतात. चोवीस तास धरले तर दिवसाला सत्तर ते पंच्याऐंशी युनिट. युनिटला नऊ रुपये लावा. टेफ्लॉन टेप आणि दोन कपलिंग एवढाच खर्च. सोलर नंतर.

केंद्र सरकारचं झेड (शून्य दोष, शून्य परिणाम) सर्टिफिकेट पण बघा. सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये ८० टक्के अनुदान आहे, लघूला ६०. ब्राँझपासून सुरू करता येतं. तक्त्यातले निम्मे रकाने त्यातच भरले जातात.

खतावणी
सोलरबद्दल भर. २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेसच्या नियमांनी किमान मागणीची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम कारखान्यालाही बाहेरून सौर वीज घेता येते. छोट्या शॉपला छतच बरं. पण पत्र्याचा शेड भाड्याचा असेल तर मालकाशी लेखी करार करून घ्या, नाहीतर पॅनल तुमचे आणि छत त्याचं.

लेथवाला_वाळूज
धागा वर काढतोय, बरेच दिवसांनी. काय झालं ते सांगतो.

तक्ता भरला. वीज, डिझेल, बार आत, नग बाहेर, बोरिंग बाहेर. बाकी रकाने कोरे ठेवले आणि खाली आकडेमोडांचं गणित माझ्या नगाचे आकडे घालून मराठीतच लिहिलं. वर लिहिलं की माझ्या हातातलं एवढं, तुमच्या हातातलं एवढं.

मग ड्रॉइंग काढून बसलो. नगाचा सर्वांत मोठा व्यास बघता ३६ मिलिमीटरचा बार पुरतो, पण आम्हाला ३८ चा ठरवून दिलाय. का, ते कुणालाच आठवत नाही. ३८ चा ३६ केला तर बारचं वजन १० टक्के कमी. आकडेमोडांच्या उदाहरणात ते ७५ ग्रॅम कार्बन होतं, म्हणजे डिझेलच्या अठरापट. पैशातही नगाला दीड-दोन रुपये वाचतात, बोरिंगची किंमत वजा करून. त्यांची ३ टक्क्यांची मागणी त्यातच भागते, माझ्या खिशातून नाही.

चाकणवाल्यांचं उत्तर : प्लॅस्टिकच्या परत येणाऱ्या क्रेटला लगेच होकार, क्रेट ते देणार. गाडी येताना रिकामीच असते. कॉम्प्रेसरची गळती काढली, पाना-पक्कड भाऊंचे आभार, बिलात फरक दिसतोय. बारच्या व्यासाचं मात्र "डिझाइन अप्रूव्हल लागेल, वरच्या कंपनीकडे पाठवतो." तिथेच पडून आहे.

खरेदी_खातं
व्यास बदलायचा म्हणजे पुन्हा सॅम्पल, पुन्हा टेस्टिंग, त्याची फी कोण भरणार यावर महिने जातात. तुमचा प्रस्ताव खरेदीला पाठवू नका, तो तिथेच मरतो. आमच्याकडे आता सस्टेनेबिलिटीचा वेगळा माणूस बसवलाय, त्याला वर्षअखेर दाखवायला काहीतरी हवं असतं. तुमच्या ग्राहकाच्या ग्राहकाकडेही असणार. त्याला सीसी करा.

कोरडवाहू
खरेदीवाल्याने स्वतःच खरेदीला वळसा घालायची वाट सांगितली. नोंद घेतली आहे.

भट्टी_जालना
लेथवाला, स्टील भंगारापासूनचं घेता येईल का, तेही विचारा. आमच्याकडचं नाही चालणार, आम्ही सळईवाले. गिअरबॉक्सला लॅडल रिफायनिंग, डीगॅसिंग (वितळलेलं पोलाद शुद्ध करायच्या प्रक्रिया) झालेला बार लागतो. पण भंगारावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक आर्कवाल्या मिला तो ग्रेड बनवतात. मिल बदलायला मिळाली तर व्यासापेक्षा कितीतरी मोठा फरक पडेल.

लेथवाला_वाळूज
मिल बदलायचं नाव काढलं तर मलाच बदलतील. आधी व्यास.

ओतीव_काम
उशिरा वाचला धागा. आमचं ॲल्युमिनियम डाय कास्टिंग आहे, चिकलठाण्याला. आम्हालाही हाच तक्ता आलाय. कच्चा माल एडीसी-१२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे इन्गॉट. आमच्या बाबतीत कोणता आकडा धरायचा?

आकडेमोड
@ओतीव_काम, तुमच्याकडे तर याहून मोठी गंमत आहे. खनिजापासून एक किलो नवीन ॲल्युमिनियम काढायला नुसत्या इलेक्ट्रोलिसिसलाच साधारण १४ युनिट वीज लागते, आणि आपल्याकडे ती कोळशाची. भंगारापासून केलं तर ऊर्जा त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. एडीसी-१२ बहुतेक भंगारातूनच बनतो. पण ग्राहकाने नुसतं "ॲल्युमिनियम" बघून नवीन धातूचा आकडा लावला तर तुमचा नग उगाच दहापट काळा दिसेल. इन्गॉटवाल्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या : भंगार किती टक्के, भट्टीला इंधन कोणतं. ते हातात आल्यावरच तक्ता उघडा.

ओतीव_काम
इन्गॉटवाला लेटरहेडवर बिल देत नाही, हे कुठून देणार. विचारून बघतो.